सूर्यछाप रुपया आणि रविवारची बैठक : इंदूरच्या नाणेमंडळाची रीत

होळकरांच्या सूर्यछाप रुपयावर गावाचं नाव शोधायला गेलात तर तिथे इंदूर सापडत नाही. तिथे मल्हारनगर असतं, तेही फार्सीत, आणि बहुतेक वेळा अर्धवट. कुणाच्या नाण्यावर 'मल्हा' एवढंच येतं, कुणाच्या नाण्यावर नुसतं 'नगर', आणि कित्येकांवर त्या जागी चकतीची कड येऊन सगळं नावच कापलं गेलेलं असतं. नवीन माणसाला वाटतं आपलं नाणं झिजलं किंवा कुणी कातरलं. तसं नसतं. ते टांकसाळीतूनच तसं बाहेर पडलेलं असतं, आणि आमच्यासारख्या मंडळाची गरज नेमकी तिथेच सुरू होते.

मी पेशाने यंत्र अभियंता. पीथमपूरच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीत बरीच वर्षं काढली. इतिहास शाळेनंतर शिकलो नाही, जे शिकलो ते या रविवारच्या बैठकीत आणि उधार आणलेल्या पुस्तकांतून. मंडळाची नोंदणी नाही, दारावर पाटी नाही, त्यामुळे नाव सांगण्यासारखं काही नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमतात. निम्मे मराठी, बाकी मालवी, गुजराती, बोहरी. भाषा इंदुरी, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि 'भिया, ज़रा इधर देखो' वर संपतं.

आधी नाणं कसं पडायचं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. चांदी गाळून तिच्या ठरलेल्या वजनाच्या गोळ्या करायच्या, त्या ठोकून चकत्या करायच्या. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, वरचा ठसा हातात. मधे चकती ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव. ठशावर पूर्ण मजकूर कोरलेला असे, पण ठसा चकतीपेक्षा रुंद. चकती कुठे सरकली त्यावर नाण्यावर काय येणार ते ठरे. पुन्हा मराठेशाहीतल्या बऱ्याच टांकसाळी मक्त्याने दिलेल्या असत. मक्तेदाराला वजन आणि कस सांभाळायचा असे, कारण त्यावर बाजारात पारख होई. मजकूर मधोमध आला का याची काळजी कुणालाच नव्हती. आम्हा कारखान्यातल्या लोकांच्या भाषेत सांगायचं तर वजनाचं टॉलरन्स कडक आणि छपाईचं अगदी ढिलं.

परिणाम असा की एका माणसाकडच्या एका रुपयावरून पूर्ण मजकूर कधीच वाचता येत नाही. बारा माणसांनी बारा रुपये आणले तर येतो. एकाच ठशातून पडलेली दोन नाणी ओळखायची, एकाचा डावा भाग आणि दुसऱ्याचा उजवा भाग जुळवायचा, तिसऱ्यावरून वरची ओळ घ्यायची. आमच्या मंडळाचं सर्वात जुनं काम हेच. पूर्वी ट्रेसिंग पेपर नाण्यावर ठेवून पेन्सिल घासायचे आणि ते कागद एकमेकांवर सरकवून बघायचे. आता फोटो काढून संगणकावर तेच करतो. ठशाला तडा गेला की त्याची बारीक रेघ त्यानंतर पडलेल्या प्रत्येक नाण्यावर उमटते, आणि ती रेघ वाढत जाते. त्यावरून कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हेही लावता येतं. अशी जुळणी एकदा हातून झाली की माणूस मंडळ सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

बैठकीची रीत ठरलेली. साडेनऊला पोहे-जिलबी. दहाला पोहे संपतात आणि सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. हे शिस्तीसाठी कमी आणि नाण्यांसाठी जास्त, कारण तेलकट बोटाचा ठसा तांब्यावर बसला की काही महिन्यांनी तो काळा डाग होऊन वर येतो. मग टेबलावर जाड मखमल पसरतात. नाणं कडेने धरायचं, टेबलाच्या वरच धरायचं, आणि एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात थेट द्यायचं नाही. मखमलीवर ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. पडलं तर कुणाच्या हातून पडलं हा वादच उद्भवत नाही. ही युक्ती सराफ्यातून आलेली आहे असं जुने सदस्य सांगतात. मला ती खरी वाटते, कारण अजूनही सराफ असंच करतात.

त्यानंतर 'एक नाणं, पाच मिनिटं'. प्रत्येक वेळी तिघेजण. आपण आणलेल्या नाण्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं: कुठलं, कधीचं, कशावरून, आणि कुठे मिळालं. चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो. या वेळात किमतीचा उल्लेख करायचा नाही. कुणी चुकून केला तर पुढच्या महिन्याची जिलबी त्याच्याकडून. देवाणघेवाण होते, पण शेवटी, चहानंतर. त्याचीही पद्धत मजेशीर आहे. देणारा आणि घेणारा दोघंही चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठ्या उपड्या ठेवतात आणि एकदम उलटतात. फरक थोडा असला तर मधला आकडा, जास्त असला तर नाणं ज्याचं त्याच्या घरी. घासाघीस नाही. भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, पण नाण्याच्या भावावरून झालेली मला आठवत नाहीत. साल वाचण्यावरून मात्र भरपूर.

सालाचं प्रकरण खरोखरच भांडणाचं आहे. माळव्यात एकाच थैलीत चार कालगणना निघतात. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन, शकात ७८ मिळवले की इसवी सन. एवढं मराठी माणसाला पंचांगामुळे माहीत असतं. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण बरोबर येतं. उदाहरणार्थ १२०० हिजरी म्हणजे ११६४ अधिक ६२२, १७८६. चौथी गणना जुलूसी, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष. होळकरांच्या रुपयावर बादशहा शाह आलम दुसरा. त्याचं पहिलं जुलूसी वर्ष हिजरी ११७३ मध्ये सुरू झालं, तेव्हा १२०० हिजरीच्या नाण्यावर जुलूस २७ किंवा २८ असायला हवा. तसा नसला तर एका बाजूला जुना ठसा आणि दुसऱ्या बाजूला नवा ठसा वापरला गेलाय, किंवा कारागिराला फार्सी आकडे नीट येत नव्हते, किंवा नाणं नंतर कुणीतरी बनवलंय. तिन्ही शक्यता आम्ही पाहिलेल्या आहेत.

इथे एक शंका नेहमी येते: होळकरांनी दिल्लीच्या बादशहाचं नाव का घातलं? व्याख्यानानंतर हमखास कुणीतरी जरा दुखावल्या सुरात हे विचारतं. उत्तर बाजारात आहे. नाणं चाललं पाहिजे. ज्या मजकुराची लोकांना सवय, तो बदलला की सराफ बट्टा लावणार. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये माळव्यात पुढे कित्येक वर्षं पडत राहिले. तेव्हा ते नाव म्हणजे स्वामिनिष्ठा समजू नका, चालू मालाचा शिक्का समजा. आपली ओळख त्या त्या सरकारने चिन्हातून दाखवली. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान. मल्हारनगरच्या रुपयावर किरणांसह सूर्याचा चेहरा. ज्याला फार्सी येत नाही त्या शेतकऱ्यालाही सूर्य आणि बेलपान वाचता येत होतं.

या रीतीला सणसणीत अपवाद आहे तो यशवंतराव होळकरांचा शके १७२८ चा, म्हणजे १८०६ चा रुपया. त्यावर नागरी लिपीत संस्कृत पद्य आहे. आशय असा, की इंद्रप्रस्थी असलेल्या चक्रवर्तीच्या प्रसादाने ही मुद्रा पडली, आणि ही मुद्रा यशवंतरावाची, ज्याचं मन लक्ष्मीकांताच्या चरणकमळी भुंग्यासारखं रमलं आहे. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह झाला, इंग्रजांशी लढाई थांबली. त्यानंतर लगेच हा रुपया. दिल्लीचं नाव सोडलं नाही, पण भाषा बदलली, लिपी बदलली आणि स्वतःचं नाव ठळक घातलं. तहात जे लिहिता आलं नाही ते या माणसाने चांदीवर लिहिलं, असं माझं मत. मंडळातल्या दोघांना हे मत अतिशयोक्त वाटतं, आणि तसं ते दर वेळी सांगतात.

हा रुपया प्रसिद्ध, म्हणूनच त्याची नक्कलही भरपूर. ओळखायला आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. पहिली कान: जुने पोतदार आणि सराफ रुपया वाजवून बघत, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बाजूला. पोतदार, सराफ, टांकसाळे ही आडनावं ज्या धंद्यांतून आली त्या धंद्यांचंच हे ज्ञान. दुसरी पायरी भिंग. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल असतात, आणि कानशीने घासून लपवलेला जोड कडेला सापडतो. ठोकलेल्या नाण्यात धातू घावाने बाहेर वाहिलेला दिसतो, अक्षराच्या पायथ्याशी कडा तीक्ष्ण असते. तिसरी पायरी माझी, म्हणजे आर्किमिडीजची. नाणं हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला. समजा हवेत ११.२० ग्रॅम भरलं आणि पाण्यात १.०८ ग्रॅमने कमी झालं. भागाकार १०.३७. शुद्ध चांदीचा आकडा १०.४९, तांब्याचा ८.९६, तेव्हा हे नाणं चांगल्या चांदीचं. जर्मन सिल्व्हर साडेआठ-पावणेनऊच्या आसपास, जस्त-कथलाच्या नकला सव्वासातच्या घरात. या पद्धतीची मर्यादाही आहे. शिशाचा आकडा ११.३४, त्यामुळे तांबं आणि शिसं बेताने मिसळून चांदीचा आकडा गाठता येतो. म्हणून कान आणि भिंग आधी.

आता धुण्याबद्दल. मराठी घरांत जुने रुपये टिकले ते लक्ष्मीपूजनामुळे, आणि खराब झाले तेही लक्ष्मीपूजनामुळे. वर्षातून एकदा ते देवघरातल्या डब्यातून निघतात आणि चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायच्या पावडरीने लख्ख होतात. चाळीस दिवाळ्यांत सूर्याचं नाक जातं, ऐंशी दिवाळ्यांत सूर्य जातो. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत आम्ही एक छोटं पत्रक वाटतो. त्यात एवढंच असतं: पूजेपूर्वी रुपये साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. काळी झाक म्हणजे मळ नव्हे. चांदीवर गंधकाने बसलेला पातळ थर असतो तो, आणि त्याच्याखालचं नाणं सुरक्षित असतं. तांब्याच्या नाण्यावर मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं आजारी समजून वेगळं ठेवा. आणि ती मऊ पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं, ज्यांना नव्या रेक्झिनसारखा वास येतो, ती वापरू नका. पीव्हीसीतून निघणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं. साध्या आम्लमुक्त कागदाची पुडी बरी.

कडी लावलेली नाणी हा मराठी घरांचा खास ऐवज. पुतळ्यांची माळ आपल्याला दागिना म्हणून माहीत आहे, पण पुतळी हे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावर माणसांच्या आकृत्या म्हणून पुतळी. चांदीचे रुपयेही टाका मारून माळेत ओवले जात. नाण्यांचा बाजार असल्या नाण्यांना हिणकस मानतो, टाक्याची खूण दिसली की भाव पडतो. आमच्या मंडळात उलट आहे. कडीवाली नाणी आम्ही मुद्दाम नोंदतो. कुठल्या बाजूला कडी आहे यावरून कुठली बाजू दर्शनी मानली हे कळतं, आणि माळेत राहिल्यामुळे ज्यांची एकच बाजू झिजली त्यांची दुसरी बाजू कधीकधी अगदी कोरी मिळते.

हे सगळं लिहितो आहे त्याचं खरं कारण आमची नोंदवही. मोठ्या आकाराची, कापडी पुठ्ठ्याची, आता तिसरी चालू आहे. प्रत्येक नाण्याला एक ओळ: वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचं वर्णन, वाचलेलं साल, सराफी ठोके किती, आणि कुठून आलं. मालकाचं नाव लिहीत नाही, मोहल्ला किंवा गाव लिहितो. ही वही कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी मल्हारगंजातल्या एका मराठी कुटुंबाचा निरोप आला. वाडा विकायचा होता, तीन भावांत वाटणी, आणि माळ्यावरच्या तांब्याच्या गडूत ४३ रुपये निघाले होते. सोमवारी सराफाकडे जाणार होते. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं तराजू आणि कॅमेरा घेऊन गेलो. विकत घेऊ का, असं त्यांनी विचारलं. सगळे घेण्याइतका पैसा आमच्याकडे नव्हता, आणि निवडक घेणं आमच्या रीतीत बसत नाही, कारण चांगली चार उचलली की उरलेल्यांचा अर्थ नाहीसा होतो. आम्ही फक्त एक रात्र मागितली. घरातल्या वहिनींनी रात्री अकरा वाजता पिठलं-भात केला, आणि दीड वाजता शेवटचं नाणं तोललं गेलं.

४३ पैकी २९ सूर्यछाप, ६ शिंद्यांच्या उज्जैन टांकसाळीचे, ४ प्रतापगढचे सालिमशाही, आणि ४ राणीछाप, ज्यांना माळव्यात कलदार म्हणत, कारण ते कलेवर म्हणजे यंत्रावर पडलेले. एवढ्यावरूनच एका घरात चार टांकसाळींचा पैसा खेळत होता हे दिसतं. प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि एकाचा दुसरा करताना सराफाचा बट्टा. सूर्यछाप रुपये १०.९ ते ११.३ ग्रॅमच्या दरम्यान भरले. कलदाराचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. हाताने ठोकलेल्या नाण्यांत एवढाच फरक, हे माझ्यातल्या तपासनिसाला कौतुकाचं वाटलं. जवळजवळ सगळ्या सूर्यछापांवर सराफी ठोके होते, बारीक छिन्नीचे, आतली चांदी बघण्यासाठी मारलेले. कलदारांवर एकही नव्हता. यंत्राच्या नाण्यावर बाजाराचा विश्वास कसा बसत गेला, याचा हा वस्तूतला पुरावा.

पुढचा प्रश्न, हा गडू भरून कधी ठेवला? अशा ठेव्याची वेळ त्यातल्या सर्वात नव्या नाण्यावरून धरतात. चारही कलदारांवर साल १८६२. पण इथे गोम आहे. १८६२ हे साल सरकारी टांकसाळींनी १८७४ पर्यंत तसंच चालू ठेवलं होतं. ठशावरच्या टिंबांच्या संख्येवरून नेमकं वर्ष काढता येतं असा संग्राहकांचा तर्क आहे, पण त्यावर मी फार भार टाकत नाही. दुसरी खूण जास्त भक्कम: १८७६ पर्यंतच्या रुपयांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. या चौघांवर क्वीन. एम्प्रेसचा एकही नाही, आणि १८७४ नंतरचं साल असलेलाही एकही नाही. १८७० च्या दशकात होळकर स्टेट रेल्वे आली आणि कलदारांचा सुळसुळाट झाला. गडू त्यानंतर भरला असता तर त्यात चारच कलदार असणं कठीण. म्हणजे हा पैसा १८६२ नंतर, पण बहुधा १८७० च्या दशकाच्या मध्याआधी बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीतल्या एका मध्यमवर्गीय घराची शिल्लक.

सोमवारी भाऊ सराफ्यात गेले. प्रत्येकाने एकेक सूर्यछाप देवासाठी ठेवला, म्हणजे तीन राहिले. चाळीस आटवले गेले. मी त्यांना दोष देत नाही. चांदीचा भाव त्या दिवशी चढा होता, घरात आजारपण होतं, आणि वस्तू त्यांची होती. आज त्या ठेव्याचं अस्तित्व आमच्या वहीच्या पाच पानांत आणि ८६ फोटोंत आहे. त्या सहा उज्जैनी रुपयांपैकी दोन एकाच ठशाचे होते, आणि गेल्या वर्षी देवासहून आलेल्या एका नाण्याशी तो ठसा जुळला. तिन्ही मिळून त्या बाजूची पूर्ण ओळ पहिल्यांदा आमच्या वाचनात आली. त्यांतले दोन रुपये तोवर कुणाच्या तरी पैंजणात गेलेले होते.

जुने सदस्य १९८० च्या जानेवारीची गोष्ट सांगतात. जगभर चांदी भडकली होती, आणि सराफ्यात पोत्यांनी रुपये आटले. २०११ मध्ये पुन्हा तेच. (परगावच्या वाचकांना सराफा म्हणजे रात्रीची गराडू आणि भुट्ट्याचा कीस आठवेल; दिवसा तिथे अजून तराजूच चालतो.) भाव चढला की आमच्या बैठकीतला तराजू घेऊन घरोघरी जाण्याचं काम वाढतं. त्या वेळी 'आटवू नका' असं सांगायला आम्ही जात नाही. 'आटवण्याआधी एक दिवस द्या' एवढंच म्हणतो, आणि दहांतले सहा-सात जण देतात.

'कुठून आलं' हा रकाना मी वर महत्त्वाचा म्हटला. उज्जैनला क्षिप्रेच्या पात्रात गाळ धुऊन नाणी शोधणारे पिढीजात लोक आहेत. त्यांच्याकडे चौकोनी तांब्याची उज्जैनी नाणी येतात, चार टोकांना चार गोळे असलेल्या क्रॉससारख्या चिन्हाची. मांडूच्या सुलतानांची चौकोनी नाणीही माळव्यात निघतात, त्यांवर मांडूचं नाव शादियाबाद. ही नाणी मुंबई-बंगळुरूच्या लिलावात जातात तेव्हा वर्णन, वजन, फोटो सगळं असतं. घाट कुठला, गाव कुठलं, सोबत काय निघालं, हे नसतं. नाणं जगात राहतं, पण त्याचा पत्ता पुसला जातो. घरातल्या ठेव्याची गोष्ट वेगळी आणि जमिनीतून निघालेल्याची वेगळी, हेही इथे स्पष्ट केलेलं बरं. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर काय, किती, कुठे आणि कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पायाच्या खोदकामात निघालेला गडू कुणी बैठकीत आणला तर आम्ही तो उघडत नाही, अर्ज लिहून देतो. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशातल्या मुलांना आठवण म्हणून नाणी पाठवणाऱ्यांनी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वाचावं.

हल्ली एक नवीनच उपद्व्याप मागे लागला आहे. ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं, असे व्हिडिओ फिरतात. लोक फोन करतात, आवाजात आशा असते. काहींनी 'नोंदणी शुल्क' म्हणून पैसे भरलेलेही असतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक नाही आणि तिच्या नावाने शुल्क मागणारे ठग आहेत. ते प्रसिद्धिपत्रक छापून आम्ही ओसरीच्या खांबाला लावलं आहे. फोन करणाऱ्याला मात्र झिडकारत नाही. लाखाची नोट विचारायला आलेल्या एका रिक्षावाल्याच्या घरी नंदीछाप पाव आण्याची माळ निघाली होती, शिवाजीराव होळकरांच्या वेळची.

वार्षिक सहल महेश्वरला. घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नर्मदेतली नाणी काढणारी पोरं असतात. हल्लीची बरीच नाणी पोलादाची, म्हणून चुंबकाला लागतात. चांदी-तांबं लागत नाही, ते हाताने बुडी मारूनच. दोन-तीन वर्षांआड नाशिकजवळ अंजनेरीला जातो. परमेश्वरीलाल गुप्तांच्या पुढाकाराने तिथे मुद्राशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' हे १९८९ चं पुस्तक, जे आमच्या टेबलावर सुट्या पानांच्या अवस्थेत आहे, तेही तिथलंच.

एक रीत अशी, की तिच्याबद्दल बोलताना सगळे आवाज खाली आणतात. सदस्य वारला की वर्षश्राद्धाच्या आत त्याच्या सगळ्या ट्रे आणि पुड्यांची यादी मंडळ करून देतं, विनामूल्य. कुटुंबाने ठेवावं, विकावं, संग्रहालयाला द्यावं, आमचं म्हणणं नसतं. यादी करणाऱ्यांपैकी कुणीही त्यातलं नाणं वर्षभर विकत घ्यायचं नाही, एवढंच बंधन. माझ्या काळात अशा पाच याद्या झाल्या. त्यांतल्या दोन घरांत चिठ्ठ्या होत्या, कुठलं नाणं कुणाकडून, कुठल्या साली. तीन घरांत काही नव्हतं. अक्षर ओळखीचं, माणूस ओळखीचा, आणि नाण्याबद्दल विचारायला कुणी नाही.

सध्याची मोठी अडचण फार्सीची आहे. मंडळात नाण्यावरची फार्सी सराईतपणे वाचणारे एकच गृहस्थ, निवृत्त उर्दू शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. अर्धवट अक्षर, उलटं आलेलं, ठोक्याने फुटलेलं, ते क्षणभर बघतात आणि सांगतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्याकडे बुधवारी संध्याकाळी वर्ग सुरू आहे. आठ जण सुरुवातीला, आता पाच. त्यात अकरावीतली एक मुलगी सगळ्यात पुढे आहे. तिने मागच्या महिन्यात जुलूसचा आकडा मास्तरांच्या आधी वाचला, आणि मास्तरांनी खिशातून खडीसाखर काढून दिली. मी चौथा आहे, पाचातला.

इंदूर, देवास, धार, उज्जैनकडच्या वाचकांच्या घरी जुने रुपये असतील तर ते आहेत तसे आणा: न घासता, कडी न काढता, ज्या डब्यात आहेत त्या डब्यासकट. डब्यात चिठ्ठी असेल तर तीही, वाचता येत नसली तरी. मोडी वाचणारे आमच्याकडे तिघं आहेत. तोलायला प्रत्येक नाण्याला चार मिनिटं लागतात, त्यामुळे पन्नासाहून जास्त असतील तर आधी कळवावं. महिन्याचा दुसरा रविवार, साडेनऊ. दहानंतर आलात तर पोहे मिळणार नाहीत.